चालून दाखव

१४ जून

आक्का,

वर सप्रेम नमस्कार लिहायचा असतो, शाळेत शिकवलंय. पण माझा हात तिकडं वळंना, म्हणून सोडून दिलं. तू माझा आन दादाचा, सख्ख्या बापाचा, दोघांचा बी नंबर ब्लॉक करून टाकलास, मंग कागदच राहिला. तसं बी फोनवर मला कुठं बोलता येतं. समोरून कुणी हॅलो म्हणलं की माझी जीभ टाळूला चिकटती. घरात तू एकटी बोलणारी व्हतीस.

मायला परवा शिबिराला नेलतं. अपंगाच्या सर्टिफिकेटाचं. तालुक्याला मंगल कार्यालयात व्हतं. चाळीस टक्के अपंग लिहून आलं की सरकारची महिन्याची पगार सुरू होती म्हणून. तुला वाटंल, पैशाला हपापलेत. तसं न्हाई. माय पाणी पीत न्हाई. पाणी प्यायलं की सुटतं, म्हणून पीत न्हाई. उन्हाळ्यात तिला थंडी-ताप येऊन ती बडबडाय लागली, तवा डॉक्टरनं सांगितलं की अशीच कोरडी राहिली तर किडन्या जातील. पाणी प्यायचं तर मोठ्या माणसाचं डायपर पायजे, रोज पायजे, आन ते दादाच्या मेंढरांतून भागत न्हाई. चाळीस आले की भागतं. एवढंच हाय सगळं.

तिथं स्टेजवर एक पुढारी आलता. एक नवी कोरी व्हीलचेअर व्हती. तिच्यावर एका आज्याला बसवलं, फोटू काढला. आज्याला उचललं, एका पोराला बसवलं, फोटू. मंग एका बाईला. खुर्ची तीच. शेवटी ती खुर्ची टेम्पोत घालून घेऊन गेले, आन ज्यांचे फोटू निघाले ते समदे भुईवर बसून खिचडी खात व्हते. मी खिचडी घेतली न्हाई.

मायनं आदल्या दिवशी सांच्यालाच पाणी बंद केलतं. कुठं जायचं म्हणलं की ती असंच करती. व्हट फुटतात पण घोट घेत न्हाई. आतून जुन्या लुगड्याच्या घड्या, त्याच्यावर युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक, त्याच्यावर परकर, आन वरून तुझ्या लग्नातलं हिरवं लुगडं. मेडिकलातून दुखायच्या गोळ्या आणलत्या त्या बी गिळल्या. केस चोपून बसवले. कपाळाला एवढं कुंकू.

डॉक्टरनं मान वर न करता म्हणलं, "चालून दाखवा."

तुला बघायला आलते तवाचं आठवतं का? चहाचा ट्रे ठेवला आन ती म्हातारी म्हणली, पोरी, जरा दारापस्तोर चालून दाखव. माय आतून तुला खुणवत व्हती, मान सरळ, पाय सरळ. आपल्यात बाईला चालून दाखव म्हणलं की तिला काय कळणार? खोट दिसू देऊ नको, हेच कळणार.

माय चालली. भिंतीपस्तोर गेली, वळली, माघारी आली. डावा पाय लिंबावरून पडल्यापासनं मेलेला हाय, पण तिनं तो असा टाकला की मलाच वाटलं बरा झाला का काय. डॉक्टर म्हणले, "छान. लघवी-संडासवर ताबा आहे ना?"

मागं बाप्यांची लाईन. शेजारी गहिनीनाथ फाईल धरून. माय म्हणली, "हाय की, साहेब."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी भुईकडं बघितलं.

तीस टक्के. तीसचं काय करायचं, चाटायचं?

गहिनीनाथ म्हणजे वरच्या आळीचा, तू असताना मोबाईलचं रिचार्ज मारायचा तोच. आता लोकांना शिबिराला न्यायचा धंदा करतो. बाहेर आल्यावर लई तापला. "काकू, तुमी सर्टिफिकेटाला आलत्या का सोयरिकीला?"

आन माय जीपमध्ये खूश. माझ्या कानात म्हणती, "बघितलंस का सुके, कुणाला कळलं बी न्हाई."

घरी येऊन लुगडं सोडलं तवा घड्या पिळून निघत व्हत्या. वासानं मला ओकारी आली. खोटं कावून बोलू, मला दर बारीला येती. नाकाला ओढणी बांधून धुते मी. मायला ते दिसतं. ती दुसरीकडं बघती.

आता वर मोठ्या दवाखान्यात फेरतपासणी मागायची हाय. आक्का, तू एक दिवस ये. काही करू नको, नुसतं डॉक्टरला सांग. तुला बोलता येतं, तू बारावी केलीस. माय पडली तवा तुझे पेपर व्हते म्हणून शाळा माझी सुटली, ते काय मी आता काढत न्हाई. पण ये.

सुकन्या


९ जुलै

आक्का,

पत्र भेटलं का न्हाई, का सासूनं चुलीत घातलं, काय कळायला मार्ग न्हाई. तरी लिहिते.

फेरतपासणीची तारीख लागली, सप्टेंबरात. गहिनीनाथ रोज येऊन बसतो. चहा पितो, बशीत वतून, फुर्र फुर्र करत. त्याचं म्हणणं असं की डॉक्टरला डोळ्याला दिसलं तर टक्के पडतात. "तो काय तुमच्या घरी राहायला येणार हाय का काकू? दोन मिंटात जे दिसंल ते."

मंग त्यानं मायला लंगडायला शिकवायला घेतलं. अंगणात. तो समोर उभा राहून डावा पाय ओढायचा आन माय त्याचं बघून ओढायची. "हां, असं. टाच टेकू द्यायची न्हाई. हात असा लोंबता सोडा. तोंड जरा वाकडं करा. न्हाई, एवढं न्हाई, एवढ्यानं येड्याच्या खात्यात टाकतील."

साखराकाकू भिंतीवरून बघत व्हती. ती म्हणली, "चतुरे, कुठल्या तमाशात घेतली गं तुला? आमाला पुढच्या लायनीला बसव बरं का."

मायला हसू आलं. लई दिवसांनी. आन हसता हसता ती एकदम गप झाली, पोटाखाली हात दाबला आन शेळ्यांच्या खोपटामागं गेली. साखराकाकू मला म्हणती, "हिला काय झालं गं?" मी म्हणलं, काय न्हाई.

तू कधी ध्यान दिलंस का, माय हसत न्हाई ते? शिंकत बी न्हाई, नाक दाबून धरती. लोक म्हणतात पडल्यापासनं चतुराबाई तुसडी झाली. असू दे म्हणती, तुसडी तर तुसडी.

ती खोपटामागून आल्यावर मी म्हणलं, "माय, हे सोंग कशाला? खरंच लई हाय की आपल्याकडं. पाण्याचं सांग ना डॉक्टरला."

तिनं वळून बघितलं. "तोंड फोडीन. लंगडी म्हणू दे, लुळी म्हणू दे, येडी म्हणू दे. ते म्हणू देणार न्हाई मी."

म्हणजे खोटं लंगडायची लाज वाटत न्हाई तिला. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ यायच्या आधीच ती अंगणात पाय ओढून बघत व्हती. मी भाकरी थापत व्हते. मला तिची किळस आली, आक्का. कपड्यांची येती ती येगळी. ही तिचीच आली. आपली माय, घाटातनं घोड्यावर सामान लादून मेंढरामागं चालायची, ती एका रिचार्जवाल्याच्या सांगण्यावरनं तोंड वाकडं करून फिरतीय.

दादाला सांगितलं. दादा म्हणला, "तुमी बायका बघा, मला त्यातलं कळत न्हाई." दादा माय पडल्यापासनं मेंढरापाशीच झोपतो. लांडगा येतो म्हणतो. आपल्या डोंगराला लांडगा कधी दिसलता ते लांडग्यालाच ठावं. वास येतो म्हणून झोपतो तिकडं, सरळ म्हणायला काय झालं.

तू ये. तू आलीस तर हे सोंग करायची पाळी येणार न्हाई.

सुकन्या


२ ऑगस्ट

आक्का,

बोकडं बघायला तुझ्या सासरच्या गावचा, कड्याचा माणूस आलता, त्याच्या हाती तू पाठवलेलं गठुडं भेटलं. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. मी त्याला विचारलं, काय म्हणली का? तो म्हणला, काय न्हाई, जुनी कापडं हायेत म्हणली, गोधडीला व्हतील.

गोधडीला!

मी सोडून बघितलं. सुती लुगडी, धुऊन धुऊन मऊ झालेली. सारखे चौकोन फाडलेले आन कडांना दोरा मारलेला. म्हणजे केवढं कापड लागतं, किती पदरी घडी लागती, कडा न्हाई शिवल्या तर मांड्या कशा सोलतात, ते सगळं ठावं हाय तुला. बसून शिवलंस. एवढं ठावं असून तू त्या दिवशी तशी वागलीस.

मी ते काढणार नव्हते. पण आता गठुडं माझ्यापुढं हाय म्हणून काढते. तुझ्या डोहाळजेवणाला माय नको म्हणत व्हती, मी तिला ओढून आणलं. ती पाणी न पिता आली. तुझ्या सासूनं सरबत हातात दिलं, पाहुण्यांत न्हाई कसं म्हणायचं, म्हणून प्यायली. आन सगळ्या बाया गाणी म्हणत असताना गादी भिजली. कुणाचं ध्यान नव्हतं आक्का. मी तिला हळूच उठवून नेत व्हते. तूच वरडलीस. "उठ, उठ, घाण केलीस!" म्हणलीस. आन गादी वढत अंगणात नेऊन सगळ्यांदेखत पाणी वतलंस. हिरव्या बांगड्या भरलेल्या हातानं. तुला तुझ्या सासूला दाखवायचं व्हतं की तू त्यातली न्हाईस.

माय माघारी येताना एस्टीत बसली न्हाई. दांड्याला धरून उभी राहिली, सगळा रस्ता. शीट खराब होईल म्हणून.

तवापासनं ती कुणाच्या पंगतीला बसत न्हाई.

आन आता तू फडकी पाठवतीस. ये म्हणलं तर फडकी पाठवतीस. मायनं एक चौकोन घेऊन नाकाला लावला. म्हणली, "माझ्या वनमालाच्या घरचा साबण भारीतला हाय." आन सगळी घडी घालून ट्रंकेत ठेवली. वापरंना. म्हणती, चांगली हायेत, ठेव.

मला तुमा दोघींची बी शिसारी येती.

सुकन्या


१९ सप्टेंबर

आक्का,

आज तुला सगळं सांगते, कारण ह्यात तुझं बी नाव निघालंय आन ते तुला दुसऱ्याकडनं कळायला नको.

मोठ्या दवाखान्यात गेलतो. माय, मी, गहिनीनाथ, आन साखराकाकू. तिला डोळे दाखवायचे व्हते म्हणून ती बी आली. सकाळपासनं लाईन. बसायला जागा न्हाई. हात तुटलेले, डोळे गेलेले, पोरांना पाठीवर घेतलेल्या बाया. शिपाई नावं पुकारताना टक्क्यानं पुकारत व्हता, "ए तीसवाली, हिकडं सरक. साठवाला कुठं मेला बे?" लोक बी एकमेकांना इचारत व्हते, तुमाला किती? एका बाईनं तोंड भरून सांगितलं, माझ्या पोराला ऐंशी भेटले. बाजूची म्हणली, नशीब लागतं. काय बोलत व्हत्या त्या? पोरगं ऐंशी टक्के गेलं आन नशीब!

संडास एकच व्हता, बायांचा, आन त्याच्या दारात पाणी साचलेलं. माय तिकडं गेलीच न्हाई.

आमचं नाव आलं. आत एक मॅडम डॉक्टर आन दोघं जण. दार सताड उघडं, लाईनीतले लोक मुंड्या घालून बघायले. गहिनीनाथ आन साखराकाकू चौकटीत.

माय लंगडत आत गेली. शिकवल्यासारखी. हात लोंबता, टाच वर. मॅडमनी टेबलावर झोपवलं, दोन्ही तळपायावर चावी ओढली. उजवा पाय उडाला. डावा तसाच.

मॅडम म्हणल्या, "बाई, बधिर डावा आहे. मग उजवा का ओढताय?"

मला तवा कळलं. गहिनीनाथ समोर उभा राहून डावा पाय ओढायचा आन माय त्याचं बघून समोरचा पाय उचलायची. आरशातल्यासारखं. दोन महिने तिनं चांगला पाय लंगडा केला. मायनं गहिनीनाथकडं बघितलं, गहिनीनाथनं पंख्याकडं बघितलं. दारातले लोक हसले. मोठ्यानं हसले, आक्का. त्यात एक दोन्ही पायांनी गेलेला बी हसत व्हता.

मॅडम म्हणल्या, "रोज असली नाटकं बघतो आम्ही. तुमच्यासारख्यांमुळं खऱ्या माणसाचं नुकसान होतं. आधीचे तीस बरोबर आहेत." आन पेन उचलला.

माय उठून लुगडं सारखं करत व्हती. आता तिची चाल खरी व्हती, डावा पाय घासत व्हता. पण आता कोण बघतंय.

मी म्हणलं, "ती पाणी पीत न्हाई."

मॅडम म्हणल्या, "काय?"

"पाणी पीत न्हाई ती. कालपासनं प्यायली न्हाई."

माय म्हणली, "सुके, गप."

मी गप बसले न्हाई. मला थांबायचंच कळंना. माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटत व्हता. मी सांगितलं की तिला कळतच न्हाई कवा सुटतं ते. खोकली तर सुटतं, हसली तर सुटतं, घागर उचलली तर सुटतं. खाली खताची गोणी टाकून झोपती. सकाळी मी उठायच्या आधी स्वतः गोधडी वढत आडाकडं नेती आन एका पायानं नेता येत न्हाई म्हणून रस्त्यात पडती. मांड्या सोलल्यात, उन्हाळ्यात त्यात पू झालता. वडवणीच्या बाजाराला जाती तर एका जागी उभी राहती, बसत न्हाई. देवळात पायरीच्या वर जात न्हाई, इटाळ म्हणून. कुणाच्या लग्नात जेवत न्हाई. बाप तिच्याजवळ झोपत न्हाई. "गप गं," माय म्हणत व्हती, "गप गं बये." मी म्हणलं, हिच्या लेकीच्या डोहाळजेवणाला गादी भिजली तर लेकीनं सगळ्यांदेखत गादी धुतली आन आता लेक येत न्हाई. कड्याला दिलीय लेक. हे बी म्हणलं. तुझं नाव घेतलं. सासरचं आडनाव बी घेतलं, कावून घेतलं मला ठावं न्हाई.

माय भिंतीकडं तोंड करून उभी व्हती. पदर तोंडात कोंबलेला.

कुणी हसत नव्हतं. मॅडमनी पेन ठेवला. म्हणल्या, "हे पहिल्यांदा का नाही सांगितलं तुम्ही?"

कावून न्हाई सांगितलं म्हणे!

मंग मशीनवर बघायचं ठरलं. त्याच्यासाठी पोट भरून पाणी प्या म्हणल्या. नर्सनं बाटली दिली. माय पीत नव्हती. मी म्हणलं, पी. तिनं माझ्याकडं न बघता प्यायली, सगळी. मशीनीपुढं बी लाईन व्हती. मला ठावं व्हतं काय होणार, तिला बी ठावं व्हतं. पॅसेजमध्ये उभ्या उभ्या झालं. प्लास्टिकातनं, लुगड्यातनं, फरशीवर पार दुसऱ्या बाकड्यापस्तोर. झाडूवाली वरडली, "कुणाचं जनावर मोकळं सुटलं गं?" मॅडम बाहेर आल्या, बघितलं, मान हलवली. म्हणजे आता खरं ठरलं. मी एवढं बोलले तरी त्यांना डोळ्यानं बघायचंच व्हतं.

मी माझी ओढणी काढून फरशी पुसली. साखराकाकू नुसती बघत व्हती. तिचे डोळे दाखवायचे राहूनच गेले.

माघारी येताना माय माझ्या शेजारी बसली न्हाई. पार मागं जाऊन उभी राहिली. गहिनीनाथ मला म्हणतो, "तू तर मुकी व्हतीस ना गं? आदी बोलली असतीस तर माझी मेहनत वाचली असती." ह्याची मेहनत!

तुझ्या सासरी कळंल. लाईनीत तुमच्या आष्टीकडचे बी लोक व्हते. कळू दे.

सुकन्या


३० ऑक्टोबर

आक्का,

सर्टिफिकेट आलं. बावन्न टक्के. पगारीचं काम बी पुढं गेलंय. दवाखान्यातनं मायला गोळ्या लागल्या, थोडा फरक हाय. दादानं बोकड इकून डायपरचा एक गठ्ठा आणला, आन दारात ठेवून मेंढराकडं निघून गेला, चपला बी काढल्या न्हाईत. माय पाणी पिती. व्हट भरून आलेत. हे तुला कळावं म्हणून लिहिते, तू खूश व्हावं म्हणून न्हाई.

माझ्याशी ती बोलत न्हाई. त्या दिवसापासनं एक शबुद न्हाई. शेळ्यांशी बोलती, कोंबड्यांना शिव्या घालती. मला मीठ पायजे असलं तर चुलीकडं बघून म्हणती, मीठ कुणी घेतलं. मी धुतलेलं काही वापरत न्हाई. पाय घासत जाऊन स्वतः धुती. मी दिलेलं ताट दादाकडं सरकवती आन त्याचं आपण घेती. मला वाटायचं, बरं केलं मी, किडन्या वाचल्या. आन ती पाठमोरी बसली की वाटायचं, तीसच राहू द्यायला पायजे व्हते.

गावात समद्यांना ठावं झालं. आडावर बाया मला बघून बोलायच्या थांबतात. मी मान घालून पाणी भरते आन येते. माझा आवाज परत गेलाय.

पण काल साखराकाकू आली. दुपारची, सगळे सोयाबीनच्या राशीवर असताना. भिंतीवरून न्हाई, दारातनं आली. उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली, बसंना. मला वाटलं आता काय टोमणा मारती.

ती म्हणली, "सुके, माझं बी हाय."

मी म्हणलं, काय?

"शेवटच्या बाळंतपणापासनं. अंग बाहेर येतं माझं. हातानं आत सारून खुरपायला जाते. धार बी राहत न्हाई. मालकाला ठावं न्हाई, सुनंला न्हाई. त्या दिवशी तू बोलत व्हतीस तवा मला वाटलं माझंच सांगायली ही पोरगी. मला घाम फुटलता." मंग तोंडाला पदर लावून म्हणली, "छबुबाईचं बी तसंच हाय, पिशवी काढल्यापासनं. ती म्हणली, तू जा आधी, मंग मी जाते."

छबुबाई म्हणजे खालच्या आळीची, भजनात पुढं बसती ती.

मला सांगू का काय वाटलं? दया न्हाई आली. लई राग आला, ओकारीसारखा आला. एवढ्या बाया, भिंतीला भिंत लावून राहतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, माझ्या मायला तुसडी म्हणतात, आन सगळ्या आतून फडकी बांधून हिंडायल्यात. अख्खं गाव ओलं हाय आन सगळ्या सरळ चालायल्यात.

साखराकाकू म्हणली, "माझ्यासंगं येतीस का दवाखान्याला? मला न्हाई जमायचं सांगायला. तू सांग. तुला येतं."

मला येतं म्हणे.

माय कोपऱ्यात शेंगा फोडत बसली व्हती. तिनं मान वर केली न्हाई, हात थांबवला न्हाई. पण बोलली. साखराकाकूला बोलली, का मला, ते तिचं तिलाच ठावं.

"ने तिला. पण जाताना सांगून ठेव, आदी दार लावून घे म्हणावं. मंग काय बोलायचं ते बोल. माझ्या टायमाला सगळं सांगून मोकळी झाली, आन दार सताड उघडं."

आन परत शेंगा फोडाय लागली.

आक्का, एवढे दिवस मला वाटत व्हतं की मी सांगितलं म्हणून तिचा राग हाय. 

दार माझ्या हाताला लागंल एवढ्यावर व्हतं. नुसतं ढकललं असतं तरी लागलं असतं. त्या मॅडमला सुचलं न्हाई, शिपायाला न्हाई, चौकटीत उभ्या राहिलेल्यांना न्हाई. मला बी न्हाई.

सुकन्या